इंगरच्या पायावर ठेवलेला ठपका

ही गोष्ट मी आजवर कोणालाही सांगितलेली नाही. आईला नाही, आणि जिच्याशी मी सगळे बोलते त्या वैशालीताईला तर मुळीच नाही. तुम्हाला सांगायला बसले आहे, पण सरळ मुद्द्यावर येणे जमत नाही. आधी इंगरबद्दल सांगू द्या.

इंगर डेन्मार्कची. खेळ कर्लिंग — वीसेक किलोचा गुळगुळीत दगड बर्फावरून सरकवत सोडायचा, सोबतिणींनी त्याच्यापुढे ब्रशने बर्फ घासत त्याला वाट करून द्यायची. पलीकडच्या टोकाला बर्फावर आखलेल्या वर्तुळाच्या मध्याशी ज्यांचा दगड सर्वांत जवळ, ते जिंकले. अकराव्या वर्षी ती बर्फावर उतरली. कनिष्ठ संघ, मग कितीतरी हिवाळे राष्ट्रीय संघाची राखीव खेळाडू, आणि अखेर पक्की जागा मिळाली त्याच वर्षी घोटा मोडला. शस्त्रक्रियेनंतर डाव्या पायाची दोन बोटे बधिर राहिली. पुढे नवऱ्याची बदली बहारीनला झाली, तेव्हा सगळ्यांनी तिचा खेळ संपला असे धरले. तिने धरले नाही. रोज सकाळी, लहान मुलांचा स्केटिंगचा वर्ग भरण्याआधी, ती जनाबिया या उपनगरातल्या घरून रिंकवर येई आणि एकटी दगड सोडत राही.

समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या प्रकल्पाच्या प्रयोगशाळेत मी रसायनतज्ज्ञ आहे. कर्लिंगच्या बर्फावर पाण्याचे बारीक थेंब शिंपडून गोठवावे लागतात, आणि त्या पाण्यात क्षार चालत नाहीत. तिच्या पाण्याची तपासणी करता करता ओळख झाली, आणि तिने मला संघातच ओढले. बँकेतली, मूळची पुण्याची वैशालीताई आली. एक फिलिपिनो नर्स आली. पहिल्या दिवशी ब्रश हातात घेऊन वैशालीताई म्हणाली, "बाहेर पंचेचाळीस डिग्री, आणि आपण इथे बर्फ झाडतोय! सासूबाईंना कळलं तर म्हणतील, घरात कधी केरसुणी धरली होतीस का गं?" मी याचे भाषांतर करून सांगितले, तेव्हा इंगर हसता हसता बर्फावरच बसली.

या खेळाचा एक रिवाज आहे. सरकत्या दगडाला ब्रशचा किंवा पायाचा स्पर्श झाला, तर ज्याचा झाला त्याने स्वतः हात वर करून सांगायचे. त्या दगडाचे काय करायचे ते मग समोरचा संघ ठरवतो. पंच पाहतो आहे की नाही, हा प्रश्नच नाही. इंगरने आम्हाला दगड सोडायला शिकवण्याआधी हे शिकवले होते.

आखातातल्या क्लबांचा एक साधा मैत्रीचा सामना होता. शेवटचा दगड वैशालीताईने सोडला. मी पुढे घासत होते. नर्स मागे पडली, म्हणून वर्तुळापाशी उभी राहून दिशा दाखवणारी इंगर पुढे झाली आणि माझ्या शेजारी घासू लागली. आणि माझा ब्रश — हो, माझाच — दगडाला लागला. हलकासा. हाताला जाणवेल इतका. दगड किंचित वळला आणि मध्याजवळ थांबला. आम्ही जिंकलो.

समोरच्या कर्णधाराने येऊन नम्रपणे विचारले, स्पर्श झाला का? इंगरने आम्हा तिघींकडे पाहिले. मी बर्फाकडे पाहिले. "झाला असता तर माझ्या मुलींनी सांगितलं असतं," इंगर म्हणाली.

इथवरचे कदाचित तुम्ही समजून घ्याल. घाबरण्याचा एक क्षण — कोणाला चुकला आहे? पण मला जे सांगायचे आहे ते हे नाहीच.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने मला घरी बोलावले. कोणीतरी फोनवर केलेले चित्रण तिने पुन्हा पुन्हा पाहिले होते. दगडाला बसलेला हिसका त्यात दिसत होता. कोणामुळे ते दिसत नव्हते, आम्ही दोघी आड येत होतो. तिने डावा मोजा काढला आणि किल्लीचे टोक त्या दोन बोटांवर दाबून पाहिले. मग मला विचारले, "तू अगदी जवळ होतीस. माझा पाय लागला का? मला खरंच कळत नाही गं." ब्रशबद्दल तिने विचारलेच नाही. मी मोजमाप करणारी, नोंदी ठेवणारी, म्हणून तिने मला विचारले होते — हे मला तेव्हाही ठाऊक होते.

मी थोडा विचार केला. होय, विचार केला. आणि म्हणाले, "शक्यता नाकारता येत नाही."

वाक्य किती नीट बांधलेले आहे, पाहिलेत? प्रयोगशाळेत माझ्या नोंदी कोणी दुसऱ्यांदा तपासत नाही, याचा मला गर्व होता. माझ्या हातून चूक होते, हे तिने जाणू नये, एवढ्यासाठी मी ते वाक्य घडवले.

तिने माझ्यासमोरच दोन पत्रे लिहिली. पहिल्यात समोरच्या कर्णधाराची माफी मागितली आणि सामना त्यांना देऊन टाकला. दुसरे डेन्मार्कच्या प्रशिक्षकाला. दोन महिन्यांनी राष्ट्रीय संघाचे निवड शिबिर होते. तीन वर्षे ती त्यासाठीच पहाटे उठत होती. दगडाला लागलेला पाय ज्या खेळाडूला कळत नाही, तिने संघात असू नये, असे तिने लिहिले आणि नाव मागे घेतले. "एवढ्याशा गोष्टीवरून खलास?" वैशालीताई मला फोनवर म्हणाली. "तू तरी समजाव तिला. तुझं ऐकते ती." मी हो म्हटले. समजावले नाही.

तोंड उघडायला दोन महिने होते. साठ दिवस. त्यांतल्या एकाही दिवशी मी आजारी नव्हते, गावाला गेले नव्हते, आणि तिचे घर माझ्या कामावर जाण्याच्या वाटेवर होते.

आता ती डेन्मार्कला परत गेली आहे. मध्यंतरी तिची मेल आली. गावातल्या क्लबात मुलांना शिकवते, पण स्वतः बर्फावर उतरत नाही. काचेबाहेर उभी राहून सूचना देते. पायाचा भरवसा नाही, न जाणो एखाद्या मुलाच्या दगडाला लागायचा, असे तिने लिहिले होते. मी उत्तरात बहारीनच्या हवेबद्दल लिहिले.

तिचा पाय दगडापासून चांगला हातभर लांब होता. मी पाहिले होते.