झाडाच्या दुधाचा चहा

हे आजवर कोणाला सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही. माझ्या सुनेनं चार वर्षं पाळलेला नेम मी मोडला. तिच्या नकळत, चहातून.

मोताळ्यात माझं कृषी केंद्र आहे. औषधाचा डबा देताना गिऱ्हाइकाला रोज बजावतो, "मागचं बारीक वाचल्याबिगर फवारू नको बे." आता हसा.

लग्नानंतर सून पहिल्यांदाच तीन दिवस राहायला येणार होती. आधी पुण्याहून मुलाचा फोन आला. "बाबा, ती व्हेगन आहे. दूध, दही, तूप, काहीच चालत नाही."

फोन स्पीकरवर होता. बायको म्हणाली, "उपास हाय का तिचा?"

"नाही आई, कायमचंच."

"अरे बाप्पा! मंग पोरीले चहा कायचा पाजू?"

तो प्रश्न मी अंगावर घेतला. मी बोलणारा माणूस नाही. सुनेशी माझं "जेवलीस का"च्या पुढे बोलणं गेलं नव्हतं. म्हटलं, बोलता येत नाही तर चहा तरी धड पाजू. बस धरून बुलढाणा गाठलं. तिथल्या मोठ्या किराणा दुकानात दुकानदारानं चहात घालायच्या पावडरीचा डबा काढला. त्यावर हिरवं पान आणि खाली ठळक अक्षरं: प्लांट-बेस्ड.

मी डबा परत सरकवला. "प्लांटमधलं नको भाऊ. घरगुती दाखवा."

आमच्याकडे प्लांट म्हणजे कापसाच्या जिनिंगचा, नाहीतर थंड पाण्याच्या जारचा. तिसरा प्लांट मला ठाऊक नव्हता.

"काका, प्लांट म्हंजे झाड! झाडापासून बनवेल हाय."

"म्हंजे दूध नाई यात?"

"झाडाले कुठून येते दूध?"

मागून कोणीतरी म्हणालं, "रुईले येते ना!" सगळं दुकान हसलं, मीही हसलो, आणि त्या हसण्यात डबा पिशवीत गेला. उलटा करून पाहिलाच नाही.

घरी येऊन बायकोला ऐटीत शिकवलं, "प्लांट म्हंजे झाड."

"मले काऊन सांगता? तुमाले तरी कवा कळलं?"

सून आली. पहिलाच घोट घेऊन थांबली. "बाबा, चार वर्षांनी चहा चहासारखा लागतोय!" लगेच माहेरी फोन करून सासऱ्यांचं कौतुक. शेजारच्या वहिनी झाडाचं दूध बघायला आल्या. कप हुंगून म्हणाल्या, "भाऊजी, या झाडाले थनं किती असतेत वो?" सुनेला हसता हसता असा ठसका लागला की बायको पाठ चोळत बसली. आणि मी? मी बोलत सुटलो होतो. झाडं, तेलं, पुण्याचं पाणी, काय वाटेल ते. बायको आ वासून बघायची. रोज दोन वेळा चहा व्हायचा, आणि दोन्ही वेळा मी तरंगायचो.

तिसऱ्या दिवशी दुपारी मिरवायला म्हणून डबा माझ्या दुकानात नेला. एका जुन्या गिऱ्हाइकानं तो हातात घेतला आणि मिश्कीलपणे विचारलं, "शेठ, मागचं बारीक वाचलं का? आमाले तं रोज सांगता."

हसतच चष्मा लावला. झाडाचं तेल. साखर. आणि मग, मुंगीएवढ्या अक्षरांत, दुधातलं प्रोटीन. तेल झाडाचं, म्हणून पुढे पान. दूध मागे. व्हेगन हा शब्द डब्यावर कुठेच नव्हता.

इथवर चूक होती. पुढचं चुकून झालेलं नाही.

संध्याकाळी तिची गाडी होती. बायको डबे भरत होती. सून स्वयंपाकघरात माझ्याजवळ येऊन बसली. कॉलेजात असताना तिनं एका गोठ्यात आईपासून लांब बांधलेलं वासरू पाहिलं होतं. ते रात्रंदिवस हंबरायचं. तेव्हापासून तिनं दूध सोडलं. "मी कोणावर लादत नाही बाबा. पण स्वतःशी ठरवलेलं एवढं एक तरी माझ्याकडून मोडलं नाही." मग हसून म्हणाली, "जायच्या आधी तुमच्या हातचा एक कप?"

तोंड उघडलं असतं तर तीन दिवसांचं ते हसणं संपलं असतं, असं वाटलं. मी पातेलं ठेवलं. पाणी, आलं, पत्ती, आणि दोन चमचे पावडर, मोजून. तिनं फुंकर मारत कप संपवला आणि पाया पडली.

ती गेल्यावर उरलेली पावडर मोरीत ओतली. मोरी पांढरीफेक झाली. बायकोला सांगितलं, सांडली. सुनेचा दर महिन्याला फोन येतो, "बाबा, तो डबा मिळाला का?" मी सांगतो, "तो प्लांटच बंद पडला." ती खळखळून हसते. खरं सांगतो, मलाही हसू येतं. फोन ठेवला की येत नाही.

आता आम्ही दोघं खूप बोलतो. हे सोडून सगळं.

तिचा नेम मोडला आहे, आणि शेवटचा कप मी जाणूनबुजून दिला, हे तिला समोर बसवून सांगायचं देणं मी लागतो. अजून सांगितलेलं नाही.