बोललात तर वाघ दिसणार नाही

गंगाबाई मडावी जिप्सीत मागं वळते आणि ओठावर बोट ठेवून पहिलं वाक्य टाकते, "बोलले तं वाघ दिसनार नाई, भाऊ." ही हिंगणीची. आईच्या मागं मोहफुलं वेचत याच जंगलात वाढली. गेली सहा वर्षं खाकी शर्ट घालून तेच जंगल पाहुण्यांना दाखवते. त्या शर्टाची इस्त्री ती स्वतःच करते. दुसऱ्या कोणाची हात लावायची बिशाद नाही.

त्या सकाळी गाडीत नागपूरचे प्रफुल्लभाऊ होते आणि त्यांची बायको वर्षाली. तीन तास दोघं चिडीचूप. प्रफुल्लभाऊंनी तर शिंकसुद्धा रुमालात दाबली. चितळ दिसले, मोर दिसले, अस्वलाची ताजी विष्ठा दिसली. वाघ काही दिसला नाही.

गेटवर उतरताच प्रफुल्लभाऊंना कंठ फुटला. "तक्रारवही द्या! या बाईंनी फसवलं आम्हाला."

मागच्याच आठवड्यात एकानं गंगाबाईच्या नावे तक्रार लिहिली होती. दुसरी झाली की महिनाभर घरी बसायचं.

"काय फसवलं जी?"

"बोललात तर दिसणार नाही, म्हणालात. आम्ही बोललो?"

"नाई."

"मग दिसला?"

"नाई. पन नाई बोलले तं दिसनच, असं मी कवा म्हनलं? वाघाले काय मी पत्रिका धाडली होती?"

"अहो, अर्थ तोच होतो!"

"काऊन होते? वरनात मीठ नाई टाकलं तं वरन बिघडते. मंग मीठ टाकलं का वरन चांगलंच होते?"

वर्षाली खुदकन हसली. "यांनी केलं होतं ना रविवारी. मीठ अगदी बरोबर होतं."

"तू गप्प बस!"

गेटवरच्या अंकुशनं वही सरकवली. "साहेब, त्या जे बोलल्या ते जसंच्या तसं लिहा. वर ऑफिसात वाचतात."

प्रफुल्लभाऊ मोठ्यानं म्हणत लिहू लागले. "गाईड म्हणाल्या, बोललात तर वाघ दिसणार नाही. आम्ही बोललो नाही. म्हणून…"

पेन थांबलं. त्यांनी वरची ओळ पुन्हा वाचली. मग आणखी एकदा.

"लिहा नं जी," गंगाबाई हळूच म्हणाली. "म्हनून काय?"

"म्हणून… काहीच नाही," ते पुटपुटले. "दिसेल असं नव्हतात म्हणाल्या तुम्ही. खरं आहे."

वर्षालीनं त्यांच्या हातातून पेन घेतलं, नवऱ्याच्या ओळी खोडल्या आणि खाली ठळक लिहिलं: 'वाघ दिसला नाही. नवरा तीन तास गप्प बसलेला दिसला. गाईड उत्तम.'

गंगाबाईनं ते अंकुशकडून दोनदा वाचून घेतलं. मग दुपारच्या पाळीच्या यादीत पहिलं नाव स्वतःचं लिहायला लावलं.