पानाखालची ओळ

आमच्या समोरच्या क्वार्टरमधल्या दादाइतका डोक्यात जाणारा माणूस मी आजवर पाहिलेला नाही. नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. आम्ही अंबरनाथला फॅक्टरीच्या कॉलनीत राहायचो. मी नववीत होते, तो कॉलेजात. दर रविवारी तो आम्हाला एक परदेशी खेळ खेळवायचा. त्या खेळाला पट नव्हता की सोंगट्या नव्हत्या. दादा गोष्ट सांगायचा आणि आम्ही त्या गोष्टीतली माणसं व्हायचो. मी तिरंदाज, माझ्या वर्गातला शेजारचा मुलगा वैदू आणि दादाची चौथीतली बहीण घोडेस्वार. पुढे काय करणार ते आम्ही सांगायचं, आणि ते जमलं की फसलं हे नंबर काढून ठरायचं. त्यासाठी पुस्तकात वीस बाजूंचा फासा सांगितला होता. तो अंबरनाथमध्ये कोण विकणार? आम्ही जुन्या हाऊजीमधले एक ते वीस नंबर सुपारीच्या डब्यात घालून खुळखुळवायचो.

नंबरांचं एक वेळ चाललं, नियमांनी मात्र जीव नकोसा केला. मूळ पुस्तक दादाच्या उल्हासनगरच्या मित्राचं. दादाने तिथल्याच कॅम्प तीनच्या बाजारात त्याची झेरॉक्स काढली. पुस्तक कागदापेक्षा बोटभर लांब निघालं. झेरॉक्सवाला म्हणाला, "नीचे का एक ही लाइन कटेगा, बाकी सब आयेगा," आणि आमच्या शहाण्याने मान डोलावली! झालं, प्रत्येक पानाची शेवटची ओळ गायब. नियम सुरू व्हायचा, रंगात यायचा आणि ऐन मोक्याला पान संपायचं. मग दादा डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "मी सांगतो तसं." हम करे सो कायदा. पाण्यात पडल्यावर धनुष्य निकामी होतं का? एका रविवारी होतं, पुढच्या रविवारी होत नाही. शेवटी मी एक वही केली आणि त्याचे निकाल तारीख घालून लिहायला लागले. वही काढली की तो वैतागायचा, म्हणून मी ती आधीच काढून ठेवायचे.

त्या ऑगस्टमध्ये त्याच्या बहिणीला कावीळ झाली. शाळा बंद, बाहेर जाणं बंद, खायला चणे-चुरमुरे आणि उसाचा रस. आम्ही खेळ तिच्या खाटेजवळ नेला. आठवडाभर ती रविवारची वाट बघायची. आपल्या घोडेस्वाराचा कागद तिने उशीखाली ठेवला होता, त्यावर खडूने निळा घोडा काढला होता. एका रविवारी त्या घोडेस्वाराला भाला लागला आणि त्याची ताकद शून्यावर आली. दादाने पान काढलं. 'ज्याची ताकद शून्य होते, तो' इथपर्यंत लिहिलेलं, आणि पान खलास. त्याने तिच्याकडे पाहिलं. तिचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. "बेशुद्ध," तो म्हणाला. "वैदूने जखम बांधली की उठेल." मी वहीत लिहून घेतलं.

पुढच्याच रविवारी माझी तिरंदाज पुलावर शत्रूच्या तावडीत सापडली. मी डब्यातून नंबर काढला, निघाला अवघा दोन, ती पुलावरून खाली पडली आणि तिचीही ताकद शून्य झाली. मी निर्धास्त होते. म्हटलं, "बेशुद्ध."

"मेली," दादा म्हणाला. "खाली दगड आहेत. नवीन बनव."

आठ महिने मी तिला वाढवली होती. किल्ल्याचे तीन दरवाजे तिने उघडले होते. मला नवीन नको होती, तीच परत हवी होती. मी वही त्याच्या नाकासमोर धरली. तो म्हणाला, "त्या दिवशी वेगळं होतं." मी विचारलं, काय वेगळं होतं? त्याने फक्त खाटेकडे पाहिलं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं! खरं सांगायचं तर त्या पाहण्याचा अर्थ मला तेव्हाच कळला होता. मी कळल्याचं दाखवलं नाही.

आता एकच उपाय होता, मूळ पुस्तकातली ती ओळ. आई पडद्याचं कापड घ्यायला कॅम्प तीनला निघाली, तेव्हा मी तिच्यामागे लागले. शेअर रिक्षात चौघींत चेपून गेलो. दादाच्या मित्राचं तिथेच कापडाचं दुकान होतं. त्याने पुस्तक काढून दिलं आणि म्हणाला, "पूरा ले जा, मेरे को तो एक पन्ना समझा नहीं." मी उभ्या उभ्याच पान शोधलं. खाली लिहिलं होतं, तो जगला की मेला हे खेळ चालवणाऱ्याने प्रसंग पाहून ठरवावं.

म्हणजे एवढी ओढाताण करून मी त्याच्याच बाजूचा पुरावा शोधून काढला! परतीच्या वाटेवर आईने दोनदा विचारलं, तोंड का पाडलंयस म्हणून.

खोटं सांगता आलं असतं, पण नियमाच्या बाबतीत मला खोटं बोलवेना. रविवारी मी ती ओळ जशीच्या तशी सांगितली. दादा हसलासुद्धा नाही. "मग? मी ठरवलंच होतं की."

"ठरव ना," मी म्हटलं. "पण दोघींना एकच न्याय लाव. ती जगली तर मीही जगले. मी मेले तर तिचाही घोडेस्वार मेला."

मला खात्री होती की तो बहिणीचा घोडेस्वार मारणार नाही. म्हणजे माझी तिरंदाज परत आलीच. आमचा वैदू झालेला मुलगा जमिनीकडे बघत होता. दादा म्हणाला, "अगं, पुलाखाली दगड होते." मी म्हटलं, "दगड नको सांगूस, नियम सांग." त्याने सुपारीचा डबा उचलला आणि परत खाली ठेवला.

तेवढ्यात बहिणीने उशीखालून कागद काढला आणि माझ्या उघड्या वहीवर ठेवला.

"माझा पण मेला," ती म्हणाली. "आता भांडू नका." मग ती भिंतीकडे तोंड करून झोपली.

दादाने तो कागद उचलला नाही. मला तर हातच लावता येईना. माझं म्हणणं बरोबर होतं, आजही मी तेच म्हणेन, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त संताप येतो.

दादाच्या आई, आमच्या काकू, वाटीत चणे-चुरमुरे घेऊन आत आल्या. "आज एवढ्यात संपला खेळ?" त्यांनी विचारलं.

दादा सुपारीचा डबा घेऊन उठला, तेव्हा "हो" मलाच म्हणावं लागलं.