नीलमने पिशव्या परत केल्या

मंडळी, मी ताडपत्रीच्या पिशव्या शिवतेय, त्याचे फोटो तुम्ही महिनाभर बघताय. सायकलच्या कॅरियरला दोन्ही बाजूंनी लटकवायच्या. एक जोडी माझी, एक मैत्रिणीची, नीलमची. रेवसपासून श्रीवर्धनपर्यंत दोघींनी सायकलने जायचं ठरलं होतं.

आज दुपारी नीलम तिची जोडी घेऊन घरी आली. "नाय जमायचं गं. घरच्यांनी अडवलं असतं तर भांडले असते. पण माझीच इच्छा उरली नाय."



ती गेल्यावर पिशव्या उचलल्या तर जड लागल्या. आत आमसुलं. रिकामी पिशवी परत द्यायची नाही, एवढी रीत तिने पाळली.

रिकाम्या दिल्या असत्या तर निदान रागावता आलं असतं. आता सांगा, एवढ्या आमसुलांचं मी एकटीने काय करायचं?