मामीचं ‘न्हाय’

वीस वर्षं मी सोलापुरात लग्नाचे व्हिडिओ कापते. अक्षता, सप्तपदी, पाठवणीचं रडणं, सगळं. चार तासांच्या चित्रीकरणातून तीन मिनिटं काढायला मला दोन दिवस लागायचे आणि मान अशी आखडायची की हळदीकुंकवालाही मी तिरक्या मानेनंच जायचे. म्हणून त्या दिवशी चहाचं आधण ठेवून कॉम्प्युटरपाशी परत आले, स्क्रीन बघितली आणि जागच्या जागी उडी मारली. या वयात, खरोखरची उडी! दोन तासांच्या पॉडकास्टच्या चौदा छोट्या क्लिपा तयार होत्या. मोबाइलभर मावणाऱ्या, उभ्या, खाली अक्षरं उमटणाऱ्या. आपोआप क्लिपा कापणाऱ्या माझ्या नव्या मशीननं कुठली किती चालेल याचे प्रत्येकीला मार्कसुद्धा दिले होते. आणि चहा अजून उकळायचा होता.

पॉडकास्ट माझ्या मामीचा होता. मामी सांगोल्याच्या बाजूला राहते आणि शेळ्या राखते. शेळी कधी विणार, करडू दूध का तोडतं, कुठला पाला चालतो, हे विचारायला तिच्याकडे आसपासच्या गावांतल्या बायका येतात. हे सगळं बोलून ठेवावं, असं माझ्याच डोक्यात आलं. मामी आधी खूप हसली, मग तिनं एकच अट घातली.

“माज्या तोंडच्या शब्दानं कुणाचं जनावर दगावलं, असं व्हायला नगं. तेवढं संबाळ. तुला दम न्हाय, म्हणून सांगते.”

मला दम नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. पण मी छातीवर हात ठेवून शब्द दिला.

शेजारी यंत्रमागाचा कारखाना आहे, त्यामुळे त्यांच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही माझ्या घरात रेकॉर्डिंग केलं. मामी काय बोलली! माइक, कॅमेरा कशाचीही तिला भीड नाही. मधेच भूक लागली म्हणून तिनं कडक भाकरी मोडली, त्या कडाक आवाजालाही मशीननं नंतर भरघोस मार्क दिले. अडचण एकच होती, तिचा उजवा हात. तो गप्प बसत नाही. ‘इतकी’ म्हणताना उंची दाखवणार, ‘नको’ म्हणताना आडवा हलणार, आणि नेमका खाली अक्षरं येतात तिथेच. दोनदा सांगून पाहिलं. शेवटी म्हटलं, राहू दे, नंतर हात कापून टाकू.

आता मशीनची गंमत. मामीच्या बोलण्यात ‘आहे’ला हाय आणि ‘नाही’ला न्हाय. वाक्य संपतं ते बहुतेक यांपैकी एकावर. पण मशीन शिकलेलं शहरी माणसांच्या बोलण्यावर. त्याला दोन्ही सारखीच ऐकू आली आणि वाटलं, कुणीतरी नवीन पाहुणा आला आणि ‘हाय!’ म्हणाला. मग तिथे ते आधीची क्लिप संपवायचं, पुढची सुरू करायचं आणि अक्षरांशेजारी हलणारा पिवळा हात चिकटवायचं. जवळजवळ प्रत्येक क्लिपच्या सुरुवातीला डोक्यावर पदर घेतलेली माझी मामी ‘हाय!’ म्हणत होती. मी पोट धरून हसले. हे तर लोकांना फारच आवडेल, असं वाटलं. मशीनला एक बटण होतं, सगळ्या क्लिपा ठरलेल्या वेळी आपोआप टाकायचं. मी ते दाबलं. एकही क्लिप शेवटपर्यंत बघितली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा फोन ओट्यावर नुसता थरथरत होता. लोक बघत होते, एकमेकांना पाठवत होते, ‘ताई, मावशींना अजून बोलतं करा’ म्हणत होते. मी भाजीला फोडणी दिली, मोबाइल बघितला, परत फोडणी दिली. एक क्लिप सगळ्यांत जोरात पळत होती. ज्वारी नुकतीच वर आली होती, शेतोशेती विरळणी चालली होती आणि ती क्लिप नेमकी विरळणीत उपटलेल्या कोवळ्या ज्वारीबद्दल होती. योग्य वेळी योग्य गोष्ट! मी इतकी खूश झाले की मामीला फोन लावणार, तेवढ्यात तिचाच आला.

“पोरी, मी कवा म्हनलं गं घालायची?”

“काय घालायची?”

“कोवळी ज्वारी. शेळीला. हितं शेजारणीच्या फोनात मीच बसलीया आणि मीच सांगतीया, विरळणीची ज्वारी शेळीला घालायची म्हणून.”

कोवळ्या ज्वारीत विष असतं, पोटभर खाल्ली तर शेळी बघता बघता आडवी होते. मामीनं माझ्या समोर बसून सांगितलं होतं, “विरळणीची कोवळी ज्वारी शेळीला घालायची न्हाय.” मी क्लिप लावली. ती ‘घालायची’वर संपत होती. पुढची लावली. “हाय! इख असतंय त्यात,” मामी म्हणत होती आणि शेजारी पिवळा हात हलत होता. तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. ज्या ‘हाय’ला मी काल पोट धरून हसले, ते प्रत्येक वेळी आधीच्या क्लिपचं तोडलेलं शेपूट होतं.

क्लिप काढून टाकली, सगळ्याच काढल्या. पण लोकांनी ती आधीच गटागटांत पाठवली होती. मला रडू फुटलं. लाज वाटत होती आणि भीती त्याहून जास्त. मामीनं जो एक शब्द घेतला होता, तोच मी मोडला होता.

काय झालं ते मी सांगितलं, तरी मामी रागावली नाही. “रडून शेळी वाचतीय व्हय? पुन्ना बोलू. आता ‘न्हाय’ शेवटी ठेवायचंच न्हाय,” ती म्हणाली. शेजारणीनं फोन धरला, मामी वाड्यात शेळ्यांच्या मधोमध उभी राहिली आणि ओरडली, “नगा! नगा! कोवळी ज्वारी शेळीला घालू नगा!” मागं दहा शेळ्या ओरडत होत्या. ती क्लिप मी मशीनला दाखवलीसुद्धा नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत तीनदा बघितली आणि स्वतःच्या बोटांनी एकेका गटात पाठवली. मग फोन उपडा ठेवून बसले.

दुपारी अनोळखी नंबर वाजला. बाईचा आवाज, बोलण्याला कानडी हेल.

“अक्का, ते शेळीच्या मावशीचं व्हिडिओ तुमीच टाकता काय? दुधनीहून बोलायलेय. सकाळीच बघितलं मी. विरळणीचं ढीग दारातच पडलंय बघा, आणि शेळी दावं तोडायलीय.”

“घातलंत का?” मी विचारलं.

“न्हाय की. कशाला घालू?”

“मग ती दुसरी क्लिप बघितलीत?”

“दुसरी कुठली? एकच बघितलं मी.”

“पण त्यात तर घालायची म्हटलंय!”

“म्हनलं असंल. आमच्या घरात कानडी. मराठी पळत गेलं की मला गावत न्हाय. मी हातच बघते. मावशीचं हात बेडा, बेडा म्हणालतं की.”

बेडा म्हणजे नको. एवढं कानडी सोलापुरात सगळ्यांना येतं. मी पुन्हा उडी मारली, फोन कानाला धरूनच. ती बाई मात्र शांतपणे विचारत होती, “ज्वारी नको, मग शेळीला काय घालू? ते विचाराया फोन केले.” मी मामीला त्याच फोनवर जोडून घेतलं. एक माणदेशी मराठीत, दुसरी निम्म्या कानडीत, दोघी अर्धा तास बोलल्या. मधे मी एक शब्द बोलले नाही. मला दम आहे, हे त्या दिवशी मलाच कळलं.

फोन ठेवल्यावर कॉम्प्युटरवर राहिलेली ती जुनी क्लिप पुन्हा लावली, या वेळी आवाज बंद करून. मामीचा काटक, उन्हानं रापलेला हात अक्षरांवर आला आणि ‘घालायची’ या शब्दावरून आडवा फिरत राहिला. एकदा, दोनदा, तीनदा. क्लिप संपली तेव्हाही तो हलतच होता. हाच हात मी कापून टाकणार होते.