डायनासोर पाण्याबाहेर आला

१९७५ च्या डिसेंबरात, एका रविवारी दुपारी, आमचे विज्ञानाचे सर आष्ट्याच्या शिवारातल्या आमच्या विहिरीत नळी तोंडात धरून उतरले आणि लगेच वर आले.

कारण डायनासोर. मी नववीत होते. सांगलीच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मी लांब मानेच्या डायनासोरची सिमेंटची प्रतिकृती केली होती. सरांच्या पुस्तकात हा प्राणी तळ्याच्या तळाशी उभा होता, फक्त डोके पाण्यावर. एवढे वजन पायांना पेलत नसे म्हणून तो पाण्यात राही, असे खाली छापले होते. तेच खरे मानून मी प्रतिकृती पाणी भरलेल्या घमेल्यात उभी केली.

शंका नंतर आली. पपईच्या पानाचा पोकळ देठ तोंडात धरून विहिरीत बुडी मारायचा आमचा खेळ होता. एका देठाने श्वास मिळे. दोन जोडून खोल गेले की पाण्याच्या दाबाने छाती आवळली जाई. डायनासोरची छाती तर कितीतरी खोल होती. त्याला जमिनीवर उभे करते, असे मी सरांना सांगितले.

सर साताऱ्याचे, नदीत पोहलेले. "पुस्तकाविरुद्ध प्रतिकृती मी पाठवणार नाही," ते म्हणाले. "तुझी छाती केवढी, त्याची केवढी?"

तरी रविवारी ते मळ्यात आले. लष्करातून निवृत्त झालेले माझे चुलते गवंड्याची पातळी बघायची रबरी नळी घेऊन बसले होते.

"आवं मास्तर, पोरीची छाती ल्हान म्हनताय, तर तुमचीच घाला की पान्यात. लय रुंद हाय."

सरांनी सदरा काढला. चुलत्यांनी त्यांच्या कमरेला दोर बांधला. नळीचे वरचे टोक मी धरले. पुरुषभर खोलीवर सरांनी पायरीचा दगड पकडला, आणि दोर हलला.

"नळी दुमडली असेल," वर येऊन ते म्हणाले. नळी सरळ होती. दुसऱ्यांदाही तेच झाले.

"काय म्हनतोय डायनासोर?" चुलत्यांनी विचारले.

"श्वास आत ओढताच येत नाही." सरांनी अंग पुसले आणि मला सांगितले, "घमेल्यातलं पाणी ओतून टाक."

सोमवारी घमेल्यात कोरडी माती भरली. शेपूट आम्ही जमिनीवर टेकवली. ती हवेत उचललेली असे, हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते.

सांगलीत परीक्षकांनी विचारले, हा पाण्यात का नाही? मी देठांपासून सगळे सांगितले. त्यांनी सरांकडे पाहिले.

"मी दोनदा उतरलो," सर म्हणाले. "दोन्ही वेळा वर यावं लागलं."

प्रतिकृतीला पहिला क्रमांक मिळाला.