कप्पेकाकांनी वेबसाइट नीट ठेवली

कप्पेकाका हे नाव त्यांना बिल्डिंगने दिलं. त्यांनी ते मनाला लावून घेतलं नाही, स्वभावाप्रमाणे नीट ठेवून दिलं. सगळी नोकरी त्यांनी एका कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये काढली. टेबलावर मोकळा कागद दिसला की ते त्याच्यासाठी फाइल शोधायला उठायचे. निवृत्तीनंतर ही शिस्त त्यांच्यासोबत घरी राहायला आली. आता त्यांच्याकडे कात्री हवी असली तर आधी कपाट, मग खण, मग डबा, मग डब्यातली पिशवी, एवढे मुक्काम केल्यावर कात्री भेटते. नावाची पाटीसुद्धा धूळ बसते म्हणून दाराच्या आतल्या बाजूला लावलेली. आपण कोण आहोत हे घरातल्या दोघांना रोज वाचायला मिळतं.

काकू मोडक्या बाहुल्या दुरुस्त करतात. निखळलेला डोळा त्या असा बसवतात की बाहुली आधीपेक्षा हुशार दिसू लागते. त्यांची फार वर्षांची एकच हौस : खेळण्यांच्या प्रदर्शनात आपलंही एक टेबल असावं. यंदा एकच टेबल उरलं होतं. आयोजक बाई सकाळी फोनवर म्हणाल्या, "तुमच्या वेबसाइटचा पत्ता पाठवा. आज संध्याकाळपर्यंत काम बघते आणि कुणाला द्यायचं ते ठरवते."

काकूंनी लगेच पत्ता पाठवला. वेबसाइट तयारच होती. परगावच्या भाचीने पानं बनवून ईमेलने धाडली होती, आता ती फक्त सर्व्हरवर चढवायची होती. "पब्लिक नावाच्या फोल्डरमध्ये टाका, की झालं," असं तिने सांगितलंही होतं.

"फाइल जागेवर ठेवायची ना?" काका बाह्या सरसावत म्हणाले. "जन्मभर दुसरं काय केलं मी?"

जेवण उरकून ते बसले. पब्लिक फोल्डर उघडलं. आत सगळा उघडा माळ. काकांना कसंतरीच झालं. त्यांनी त्यात 'वेबसाइट' नावाचं फोल्डर केलं, त्याच्या पोटात 'बाहुल्या', त्याच्या पोटात 'अंतिम', आणि तिथे सगळ्या फाइली अलगद ठेवल्या. मग पत्ता टाकून पाहिलं. पडद्यावर सर्व्हरवाल्यांचं तयार पान आलं : 'वेबसाइट लवकरच येत आहे.'

"येतेय म्हणे," काका म्हणाले आणि हातावर हात ठेवून बसले. 'लवकरच' या शब्दाचा त्यांना कचेरीतला दांडगा अनुभव होता.

उन्हं कलली तरी तेच पान.

"अहो, आली का?"

"वाटेत असेल. काळजी करू नकोस, फाइली सुरक्षित आहेत."

"सुरक्षित आहेत हो. दिसतायत का?"

यावर काकांनी सर्व्हरवाल्यांच्या मदतीच्या नंबरावर फोन लावला.

"फाइल्स कुठे टाकल्यात, सर?" पलीकडच्या मुलीने विचारलं.

"टाकल्या नाहीत. ठेवल्यात." काकांनी आतले सगळे कप्पे क्रमाने सांगितले.

"सर, त्या बाहेर काढून थेट पब्लिकमध्ये ठेवा. कुणी पत्ता टाकला की सर्व्हर तिथलंच पहिलं पान दाखवतो. आत शोधत बसत नाही."

"उघड्यावर ठेवू?"

"हो, सर."

"येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतील."

"वेबसाइट आहे, सर."

काकांनी फोन ठेवला आणि मन घट्ट करून फक्त पहिलं पान बाहेर काढलं. फोटो नाजूक, म्हणून आतच राहू दिले. आता पडद्यावर काकूंचं नाव ठसठशीत उमटलं, खाली बाहुल्यांच्या जागी रिकाम्या चौकटी.

काकू सुईत दोरा ओवता ओवता पाहत होत्या. "दुकान आहे, माल नाही," त्या म्हणाल्या.

"माल आत आहे."

"आतच असतो तो. लग्नापासून मी जे जे केलं ते तुम्ही फार छान ठेवलंत. शेजारणीला सुद्धा पत्ता लागला नाही." त्यांनी दोऱ्याला गाठ मारली. "आज एकदा दिसू दे कुणाला तरी."

त्या आवाज चढवून बोलल्या असत्या तर काकांनी वाद घातला असता. तशी सोय नव्हती. त्यांनी चष्मा पुसला आणि एकेक फोटो बाहेर आणून ठेवला, पोरीची पाठवणी करावी तशा चेहऱ्याने. पान पुन्हा उघडलं. सगळ्या बाहुल्या दोन्ही डोळ्यांनी समोर पाहत होत्या.

दिवेलागणीला आयोजक बाईंचा फोन आला. "टेबल तुमचं," त्या म्हणाल्या. "दुपारी पाहिलं तेव्हा लवकरच येत आहे असं लिहिलं होतंत, आणि आता पाहिलं तर आलीसुद्धा. हल्ली शब्द पाळतं कोण?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मजल्यावर ठोकाठोक सुरू झाली. नावाची पाटी कप्पेकाका दाराच्या बाहेर लावत होते. पाटीवर पिशवी चढवलेली आहे. ती कधी निघणार असं विचारल्यावर ते म्हणाले, "लवकरच."